जेलवर दोनच बँड

मागणीपत्रावर तीनच गोष्टी लिहिल्या होत्या: अझूस्पर्मिया (वीर्यात शुक्राणूच नाहीत), मायक्रो-टेसेची (वृषणातून शुक्राणू शोधण्याच्या ऑपरेशनची) तारीख ठरलेली, वाय मायक्रोडिलीशनचा (वाय गुणसूत्राचा छोटा तुकडा गळलाय का, याचा) रिपोर्ट तातडीने हवा. पेशंट तिशीतला, विवाहित. पुण्यातल्या आमच्या जनुकीय चाचण्यांच्या लॅबमध्ये असे नमुने नेहमी येतात आणि बहुतेकांचा रिपोर्ट 'डिलीशन आढळलं नाही' असाच जातो. हा तसा गेला नाही. सगळी चाचणी उत्तम चालली, कंट्रोल जिथल्या तिथे आले आणि तरीही जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार बँडांच्या रूपात वेगळे दाखवणाऱ्या थरावर, जे दिसलं ते वाय मायक्रोडिलीशन म्हणून लिहून देता येण्यासारखं नव्हतं.

नमुन्यासोबतचे कागद आधी वाचलेले बरे, जेलवर काय दिसेल याचा अंदाज तिथेच येतो. वीर्यतपासणी दोनदा झालेली. आकारमान २.२ मिली, पीएच ७.८, फ्रुक्टोज आहे, शुक्राणू शून्य. दोन्ही वेळा नमुना ३,००० जी वेगाने १५ मिनिटं फिरवून तळाचा गाळ तपासला होता, त्यातही काही नाही. नुसता थेंब पाहून 'निल' लिहिणाऱ्या लॅब आजही आहेत, म्हणून हे मुद्दाम बघायचं. गाळात चार-दोन शुक्राणू सापडले तर निदान बदलतं आणि कदाचित ऑपरेशनही टळतं. पिट्यूटरी ग्रंथीचे हार्मोन चढलेले: एफएसएच ३१, एलएच १७. टेस्टोस्टेरॉन २४० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. दोन्ही वृषणं ३ ते ४ मिलीची. प्रौढ पुरुषात ती साधारण १५ मिली किंवा त्याहून मोठी असतात. उंची १६२ सेंटिमीटर. उंची सहसा कुणी लिहीत नाही, या डॉक्टरांनी लिहिली होती.

एवढ्यावरून शुक्राणूंची बाहेर येण्याची वाट बंद नाही हे कळत होतं. शुक्रवाहिन्या जन्मतःच नसतील तर बहुधा वीर्याशयही धड नसतात, मग आकारमान घटतं, पीएच आम्लधर्मी होतो आणि फ्रुक्टोज दिसत नाही. इथे तिन्ही ठीक, म्हणजे दोष निर्मितीतच. एफएसएच चढलेलं असतं ते वृषणातल्या सर्टोली पेशींकडून इनहिबिन-बी पुरेसं येत नाही म्हणून. पिट्यूटरीला आवर घालणारं कुणी उरत नाही. याउलट वृषणं चांगली मोठी, एफएसएच नॉर्मल आणि तरीही शुक्राणू शून्य असा पेशंट असेल, तर बीजपेशी आहेत पण अर्धसूत्री विभाजनात मध्येच अडकल्यात अशी शंका घ्यायची. तिथे वायपेक्षा एक्सवरच्या टेक्स-११सारख्या जनुकांकडे बघावं लागतं. हा पेशंट त्या गटातला नव्हता.

मायक्रो-टेसे म्हणजे वृषण उघडून सूक्ष्मदर्शकाखाली २० ते २५ पट मोठं करून एकेक नलिका बघत जाणं. ज्या नलिकांत बीजपेशी जिवंत आहेत त्या जराशा फुगीर आणि दुधाळ दिसतात, रिकाम्या नलिका बारीक आणि पारदर्शक. न्यूयॉर्कच्या पीटर श्लेगेल यांनी १९९९ मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही तीच चालते. पण त्यात पूर्ण भूल आहे, तासन् तास चालणारी शोधाशोध आहे, आणि आधीच लहान असलेल्या वृषणातून ऊती निघाल्यावर टेस्टोस्टेरॉन आणखी घसरण्याचा धोका आहे. म्हणून रक्ताची तपासणी आधी, चाकू नंतर. पुष्कळ ठिकाणी तारीख आधी पडते आणि रिपोर्ट मागून मागवला जातो. इथेही तसंच झालं होतं.

रक्त आलं होतं जांभळ्या टोपणाच्या नळीत, ३ मिली. हे बरोबरच. हिरव्या टोपणाची नळी आली की आम्ही परत पाठवतो, कारण तिच्यातलं हेपरिन डीएनएबरोबर राहतं आणि पीसीआरमधल्या (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढण्याच्या प्रक्रियेतल्या) टॅक एन्झाइमला अडवतं. मग बँडच येत नाहीत आणि नवखा माणूस त्यालाच डिलीशन समजतो. डीएनए काढला, २६० ला २८० ने भागून आलेलं शुद्धतेचं गुणोत्तर १.८२. प्रत्येक अभिक्रियेत ५० नॅनोग्रॅम घातला.

या चाचणीची मांडणी युरोपियन मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे जगभर जवळपास सारखीच असते. वाय गुणसूत्राच्या लांब भुजेवर शुक्राणूनिर्मितीला लागणारे तीन पट्टे आहेत: एझेडएफ-ए, बी आणि सी. १९७६ मध्ये इटलीत टिएपोलो आणि झुफार्डी यांनी सहा अझूस्पर्मिक पुरुषांमध्ये वायच्या लांब भुजेचं टोक गायब असल्याचं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि इथे शुक्राणू बनवणारं काहीतरी आहे असं म्हटलं. ते 'काहीतरी' एकच नाही, तीन वेगळे भाग आहेत, हे १९९६ मध्ये फोग्ट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. प्रत्येक भागासाठी दोन खुणा तपासायच्या: ए साठी एसवाय ८४ आणि ८६, बी साठी एसवाय १२७ आणि १३४, सी साठी एसवाय २५४ आणि २५५. या सहा खुणा दोन नळ्यांत वाटायच्या, प्रत्येक भागाची एकेक खूण प्रत्येक नळीत. त्यामुळे एका नळीचा निकाल दुसरी पडताळते. शिवाय दोन्ही नळ्यांत दोन अंतर्गत कंट्रोल: झेडएफएक्स-झेडएफवाय, जे बाई असो की पुरुष, कुणाच्याही डीएनएमध्ये उमटतंच, आणि एसआरवाय, म्हणजे गर्भाला नर बनवणारं जनुक, जे वायच्या आखूड भुजेवर असतं. पेशंटच्या शेजारी तीन नळ्या चालवायच्याच: निरोगी पुरुषाचा डीएनए, बाईचा डीएनए आणि नुसतं पाणी. पाण्याच्या नळीत काही उमटलं तर त्या दिवशीचा सगळा खेळ रद्द.

९४ अंशांवर १५ मिनिटं, मग ३५ चक्रं: ९४ वर ३० सेकंद, ५७ वर ९० सेकंद, ७२ वर ६० सेकंद, शेवटी ७२ वर १० मिनिटं. जेल मात्र २ टक्क्यांची करू नये, अडीच टक्के हवी. कारण झेडएफएक्स-झेडएफवायचा तुकडा ४९५ बेसचा आणि एसआरवायचा ४७२ बेसचा. पातळ जेलवर घाईने व्होल्टेज चढवलं की दोन्ही एकमेकांना चिकटून एकच जाड बँड दिसतो, आणि या पेशंटच्या बाबतीत तर सगळी गोष्टच त्या दोन बँडांच्या फरकावर उभी होती.

जेल यूव्हीखाली धरली. पुरुष कंट्रोलच्या रकान्यात पाच बँड, बाईच्या रकान्यात वरचा एक, पाण्याचा रकाना कोरा. पेशंटच्या रकान्यात दोन बँड: ४९५ आणि ४७२. त्याखाली काही नाही. शेजारच्या दुसऱ्या मिश्रणातही तेच दोन. ए नाही, बी नाही, सी नाही. पण एसआरवाय ठसठशीत.

बँड न दिसणं हा आपोआप निकाल ठरत नाही. ते का दिसले नाहीत याचं उत्तर आधी द्यावं लागतं. डीएनए कुजलेला, तुटलेला असेल तर आधी लांब तुकडे उमटेनासे होतात, आखूड टिकून राहतात. इथे उलटं होतं. ४९५ चा लांब तुकडा छान आला होता आणि एसवाय २५५ चा जेमतेम सव्वाशे बेसचा तुकडा नव्हता. म्हणजे डीएनएचा दोष नाही. पीसीआर अडला असता तर वरचे दोनही आले नसते. मग संशय उरतो तो मिसळीचा: नमुना एखाद्या बाईचा आहे आणि काम करणाऱ्या पुरुषाच्या डीएनएचा थोडा अंश त्यात गेलाय. तसं झालं असतं तर एसआरवायचा बँड फिकट दिसला असता आणि पाण्याची नळीही बहुधा डागाळली असती. इथे एसआरवाय पुरुष कंट्रोलइतकाच गडद. तरीही मूळ नळीतून डीएनए नव्याने काढून, सगळ्या खुणा एकेकट्या नळीत घालून पुन्हा चालवल्या. एका मिश्रणात पाच-पाच प्रायमर-जोड्या एकमेकींशी झगडतात, एकट्या खुणेला ती सबब राहत नाही. जोडीला एसवाय १६० ही वायच्या टोकाकडच्या हेटरोक्रोमॅटिनची खूण आणि वायच्या सेंट्रोमिअरची (गुणसूत्राच्या दोन भुजा जोडणाऱ्या भागाची) खूण लावली. दोन्ही नाहीत. सेंट्रोमिअरच नाही म्हटल्यावर हे साधं डिलीशन असणं शक्यच नव्हतं. सेंट्रोमिअरशिवाय गुणसूत्र पेशीत टिकत नाही. मग एसआरवाय बसलंय कशावर?

डॉक्टरांना फोन लावला.

"सर, तुमच्या पेशंटचं ऑपरेशन पुढे ढकला. आधी कॅरिओटाइप हवा."

"मॅडम, तारीख पडलीय, बाई इंजेक्शनांवर आहेत. एझेडएफ-सी गेलंय का? त्यात मिळतात शुक्राणू."

"सी एकटं नाही. तिन्ही नाहीत, सेंट्रोमिअरही नाही. एसआरवाय तेवढं आहे."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "हिरव्या टोपणाची नळी पाठवतो."

बाई इंजेक्शनांवर असणं ही घाईची खरी किंमत. पतीचा शुक्राणू मिळणार हे गृहीत धरून पत्नीच्या बीजकोशांना चालना दिलेली असते; मिळाला नाही तर अंडी गोठवायची किंवा ते चक्र सोडून द्यायचं. या चाचण्यांना सगळे मिळून दोन आठवडेही लागत नाहीत, पण क्रम चुकला की त्यांचा उपयोग निम्म्यावर येतो.

कॅरिओटाइपला, म्हणजे गुणसूत्रं मोजून पाहण्याच्या चाचणीला, मात्र हेपरिनचीच नळी लागते, कारण पेशी जिवंत हव्यात. अर्धा मिली रक्त ५ मिली माध्यमात, पेशींना विभागायला लावणारं पीएचए घालून ३७ अंशांवर ७२ तास. शेवटी कोल्सेमिड, म्हणजे विभागणाऱ्या पेशी मध्यावस्थेत थबकतात. मग ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडने पेशी फुगवायच्या, तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग अॅसेटिक आम्लात स्थिर करायच्या, काचेवर थेंब टाकून ट्रिप्सिन-गीम्साचे पट्टे काढायचे. नेहमी २० पेशी मोजतो, इथे ५० मोजल्या. कारण ४५,एक्स आणि दोन सेंट्रोमिअरचा वाय अशा मिश्र पेशी असतील तर थोड्या पेशींत ते निसटतं. ५० पेशी पाहिल्या की ६ टक्क्यांवरची मिसळ ९५ टक्के खात्रीने नाकारता येते.

पन्नासही पेशींत ४६,एक्सएक्स.

मग फिश, म्हणजे चमकत्या प्रोबने जनुकाची गुणसूत्रावरची जागा दाखवणारी चाचणी: एक्सच्या सेंट्रोमिअरवर हिरवा प्रोब, एसआरवायवर लाल. निरोगी पुरुषाच्या पेशीत एक हिरवा आणि त्याच्यापासून वेगळा एक लाल ठिपका दिसतो. या पेशंटच्या मध्यावस्थेतल्या पेशींत दोन हिरवे होते, आणि त्यांपैकी एका एक्सच्या आखूड भुजेच्या अगदी टोकाला लाल ठिपका बसलेला. वाय कुठेच नाही. एसआरवाय त्या एक्सच्या पाठीवर आलं होतं.

वैद्यकात याला एक्सएक्स पुरुष म्हणतात. फिनलंडचे अल्बर्ट द ला शापेल यांनी १९६४ मध्ये अशा पहिल्या पुरुषाचं वर्णन केलं. साधारण २०,००० पुरुषांत एक असं प्रमाण सांगितलं जातं. बिघाड मुलात नव्हे, त्याच्या वडिलांच्या वृषणात झालेला असतो. शुक्राणू बनताना एक्स आणि वाय यांना एकमेकांशी जोडी जुळवावी लागते, पण त्यांच्यात सारखेपणा उरलाय तो मुख्यतः आखूड भुजेच्या टोकाच्या सुमारे २७ लाख बेसच्या तुकड्यात. तिथे दर विभाजनात एक देवाणघेवाण व्हावीच लागते, तरच दोघं नीट वेगळे होतात. एसआरवाय नेमकं या तुकड्याच्या सीमेला लागून, अवघ्या काही हजार बेसवर आहे. देवाणघेवाण सीमेपलीकडे घसरली की एसआरवाय एक्सवर जातं. एक्सवरच्या पीआरकेएक्स आणि वायवरच्या पीआरकेवाय या जुळ्या जनुकांमध्ये चुकीची जोडी लागून ती घसरते, असं एसआरवाय असलेल्या अशा पुरुषांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणांत दिसतं. वडील स्वतः निरोगी, भावांना धोका नगण्य. हे पेशंटला सांगावं लागतं, कारण घरचे पहिला प्रश्न हाच विचारतात.

एकटं एसआरवाय आलं तर त्याचं काम ते चोख करतं. गर्भाच्या सहाव्या-सातव्या आठवड्यात ते थोडा वेळ चालू होतं, १७ व्या गुणसूत्रावरच्या सॉक्स-९ला जागं करतं आणि बाजूला होतं. सॉक्स-९ पुढे सर्टोली पेशी घडवतं, त्या एएमएच हे हार्मोन सोडतात, गर्भाशय बनणं थांबतं. लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात आणि बाळ मुलगा म्हणून जन्मतं, मुलगा म्हणून वाढतं, दाढी-मिशा येतात. म्हणून या पुरुषांना शंका येते ती लग्नानंतर मूल होत नाही तेव्हाच. पण वृषण उभं करणं हे एक काम आणि त्यात शुक्राणू पिकवणं हे दुसरं. दुसऱ्या कामाची यंत्रणा एसआरवायच्या हातात नाही.

उंदरात हे फार स्वच्छ दिसलं. १९९१ मध्ये लंडनमध्ये कूपमन, लोव्हेल-बॅज आणि सहकाऱ्यांनी एसआरवाय असलेला १४ हजार बेसचा तुकडा एक्सएक्स भ्रूणात घातला. जन्मलेला उंदीर नर होता, माद्यांशी समागम करत होता. वृषणं मात्र लहान आणि आत शुक्राणू एकही नाही. आमच्या पेशंटच्या कागदांवरचे आकडे हेच सांगत होते.

दोन कारणं एकावर एक बसतात. पहिलं, दोन एक्स. शरीरातल्या इतर पेशी एक एक्स बंद ठेवतात. बीजपेशी तो पुन्हा उघडतात. अंडाशयात ते गरजेचंच असतं, पण वृषणात दोन उघड्या एक्सची बीजपेशी जगत नाही. उंदरात अशा पेशी जन्मानंतर थोड्याच दिवसांत मरून जातात. शिवाय नराच्या बीजपेशीत अर्धसूत्री विभाजनाच्या पॅकिटीन टप्प्यावर एक्स आणि वाय दोघांनाही कोपऱ्यात गुंडाळून गप्प बसवलं जातं. ते झालं नाही तर पेशी तिथेच मरते, इतका हा टप्पा कडक आहे. दुसरं कारण, लांब भुजा नसणं. एझेडएफ-ए मध्ये डीडीएक्स३वाय आहे. तो सगळा भाग गेला तर नलिकांत फक्त सर्टोली पेशी उरतात, बीजपेशी शून्य. त्याच भागातलं यूएसपी९वाय इतकं आवश्यक नाही, ते नसलेल्या पुरुषांना नैसर्गिकरीत्या मुलं झालेली आहेत. बी मध्ये आरबीएमवायच्या प्रती आहेत. संपूर्ण बी गेला की बीजपेशी असतात, पण विभाजनात अडकतात. सी मध्ये डॅझच्या चार प्रती. या जनुकाचं मूळ तिसऱ्या गुणसूत्रावर आहे, तिथून त्याची प्रत वायवर आली आणि पुढे दुणावत गेली. डॅझचं प्रथिन आरएनएला धरून कोणता संदेश कधी वाचायचा ते ठरवतं. सी गेला तरी बीजपेशींचं गाडं कुठे कुठे चालू राहतं, म्हणून त्या पुरुषांत मायक्रो-टेसेला निम्म्याहून अधिक वेळा यश येतं. फोनवर डॉक्टर म्हणाले ते याच आधारावर. मात्र तसा मुलगा झाला तर त्याच्याकडेही तेच डिलीशन जाणार, हे इक्सीच्या (अंड्यात शुक्राणू टोचण्याच्या) आधी सांगणं भाग आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेमध्ये लालजी सिंग आणि थंगराज यांच्या गटाने ३४० अझूस्पर्मिक भारतीय पुरुष तपासले, त्यांतल्या २९ जणांत वायचं डिलीशन होतं. म्हणजे साडेआठ टक्के. कुणाला हे प्रमाण किरकोळ वाटेल, पण त्यावरच कुणाला ऑपरेशनला घ्यायचं हे ठरतं.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी प्रश्न टाकला, आणि तो रास्त होता: "क्लाइनफेल्टरलाही दोन एक्स असतात. तिथे चाळीस-पन्नास टक्क्यांना मिळतात की. मग इथे एकदा उघडून बघायला काय हरकत?" क्लाइनफेल्टरच्या पुरुषात एक्सएक्सवाय असतं, म्हणजे वाय अख्खा. त्याच्या वृषणातल्या एखाद्या बीजपेशीने विभागताना जादा एक्स गमावला, तर ती साधी एक्सवाय पेशी होते आणि तिच्यापासून नलिकेचा एखादा कोपरा शुक्राणू बनवू लागतो. मायक्रो-टेसे शोधतं ते हेच कोपरे. एक्सएक्स पुरुषाच्या पेशीने एक एक्स गमावला तरी हाती उरतो नुसता एक एक्स. लांब भुजा येणार कुठून? शोधायला कोपराच नाही. वैद्यकीय साहित्यातही अशा पुरुषांत ऑपरेशन सुचवत नाहीत.

हवाई विद्यापीठातल्या मोनिका वॉर्ड यांच्या उंदरांचं उदाहरण हमखास कुणीतरी पुढे करतं. २०१४ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की वायवरची दोनच जनुकं, एसआरवाय आणि ईआयएफ२एस३वाय, असली तरी नराच्या वृषणात गोल शुक्रपेशी तयार होतात आणि त्या अंड्यात टोचून पिल्लं होतात. २०१६ मध्ये तर या दोघांच्या जागी सॉक्स-९ आणि एक्सवरचं जुळं जनुक जोरात चालवून वायविनाच काम भागवलं. बातम्यांत 'वाय अनावश्यक' असं छापून आलं. पण ते उंदीर एकच एक्सवाले होते, दोन एक्सचा अडथळा तिथे मुद्दामच ठेवला नव्हता. आणि ईआयएफ२एस३वाय माणसाच्या वायवर मुळात नाहीच. आपल्या वंशात ते कधीच गळून पडलं. सस्तन प्राण्यांत शुक्राणू बनवण्याचा आराखडा एक असला तरी कोणतं जनुक कुठे बसलंय हे प्रत्येक प्राण्यात वेगळं. जपानच्या अमामी बेटावरच्या काटेरी उंदराने तर वाय कायमचा टाकून दिला. २०२२ मध्ये कळलं की नरात सॉक्स-९च्या अलीकडचा सुमारे १७ हजार बेसचा तुकडा दुणावलाय आणि एसआरवायशिवाय त्यावरच नर घडतो. वाय सोडतानाही त्याने वायवरची काही जनुकं एक्सवर हलवून ठेवली आहेत. शुक्राणू बनवायला ती लागतातच.

रिपोर्ट लिहिणं हे या सगळ्यातलं नाजूक काम. '४६,एक्सएक्स' एवढंच छापून पाठवलं तर पेशंट मोबाइलवर शोधतो आणि 'मी बाई आहे का' इथवर पोचतो. म्हणून पहिल्या वाक्यात निदान: एसआरवाय पॉझिटिव्ह ४६,एक्सएक्स वृषणीय स्थिती, पुरुष. दुसऱ्यात पुरावा: फिशचा निकाल आणि सहाही खुणांची अनुपस्थिती. तिसऱ्यात त्याचा अर्थ: स्वतःच्या शुक्राणूंपासून अपत्य होणं सध्याच्या कुठल्याही पद्धतीने शक्य नाही, मायक्रो-टेसे करू नये. 'एझेडएफ ए, बी, सी डिलीशन' असं मुद्दाम लिहिलं नाही. ज्याच्याकडे वायच नाही त्याच्यातून वायचा तुकडा गळला असं म्हणणं चूक, आणि पुढच्या डॉक्टरांची वाट चुकवणारं. रिपोर्ट थेट पेशंटच्या व्हॉट्सअॅपवर न पाठवता डॉक्टरांकडे दिला, समुपदेशनाच्या वेळेसह. आधी एकट्या पेशंटशी बोलायचं आणि पत्नीला कधी बोलवायचं ते त्याने ठरवायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता.

समुपदेशनात उंचीचाही उलगडा झाला. उंचीला हातभार लावणारा भाग वायच्या लांब भुजेवर असतो. तो नसल्याने एक्सएक्स पुरुष भावांपेक्षा बुटके राहतात, आणि जादा एक्स असूनही क्लाइनफेल्टरसारखे उंच होत नाहीत. छोटी वृषणं आणि चढलेलं एफएसएच दोन्हींत सारखं, फरक पहिल्यांदा दिसतो तो मोजपट्टीवर. त्यांचे दोन्ही भाऊ पावणेसहा फुटांचे निघाले.

अपत्याचे मार्ग दोन: दात्याचं वीर्य किंवा दत्तक. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याप्रमाणे दात्याचं वीर्य नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावं लागतं, दाता २१ ते ५५ वर्षांचा, आणि त्याची ओळख जोडप्याला कळत नाही. नातेवाइकाचं वीर्य वापरू का, हा प्रश्न त्यामुळे तिथेच संपतो. दत्तकासाठी कारा या केंद्रीय दत्तक संस्थेमार्फत नोंदणी.

उरलं ते टेस्टोस्टेरॉन. वंध्यत्वाच्या पेशंटला बाहेरून टेस्टोस्टेरॉन देऊ नये, त्याने पिट्यूटरी थंडावते आणि असलेले शुक्राणूही बंद पडतात. जिममधल्या इंजेक्शनांनी काउंट शून्यावर गेलेली मुलं आम्ही नेहमी बघतो. इथे ती भीती नव्हती, आणि २४० ची पातळी वयाबरोबर आणखी खाली जाणार होती. हाडांची घनता डेक्साने मोजून घेतली आणि हार्मोनतज्ज्ञांनी टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएट १,००० मिलीग्रॅमचं इंजेक्शन सुरू केलं: दुसरं सहा आठवड्यांनी, पुढे दर १० ते १४ आठवड्यांनी, प्रत्येक वेळी हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचा वाटा) बघून, तो ५४ टक्क्यांच्या वर गेला तर डोस थांबवायचा.